नेमके बोलण्याची विद्या

'जावा' हा शब्द मराठी घराला नवा नाही. दोन भावांच्या बायका त्या एकमेकींच्या जावा. आणि जावाजावांचे पटते की नाही, हा विषय आपल्या कथा-कादंबऱ्यांना पिढ्यान् पिढ्या पुरला आहे. वयाने वडील अशा काही गृहस्थांना 'जावा' म्हटले की म्हैसूरच्या कारखान्यातून निघणारी ती दणकट मोटारसायकल आठवेल. शाळेतला भूगोल ज्यांच्या लक्षात आहे त्यांना इंडोनेशियातले बेट आठवेल. परंतु आज कॉलेजातल्या एखाद्या मुलाला "काय शिकतोस?" असे विचारावे आणि त्याने "जावा" असे उत्तर द्यावे, तर त्याचा रोख यांपैकी कशाकडेच नसतो. संगणकाला काम सांगण्याची ती एक भाषा आहे. तिचे नाव मात्र त्या बेटावरच्या कॉफीवरून पडले आहे. तेव्हा दूरचे का होईना, नाते लागते म्हणायचे!

मी मराठीचा प्राध्यापक. प्रश्नपत्रिका टाइप करणे आणि गुणांचे तक्ते भरणे यापलीकडे माझा आणि संगणकाचा फारसा घरोबा नाही. असे असूनही गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी वरणगावातल्या जावाच्या एका शिकवणीला सहा आठवडे रोज सकाळी जाऊन बसलो. त्याला कारण झाली माझी एक विद्यार्थिनी. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मराठी घेतलेल्या या मुलीने मला विचारले होते, "सर, आम्ही आर्ट्सवाल्यांनी प्रोग्रॅमिंग शिकायचं म्हटलं तर जमंल का? इंग्रजी तर कच्चं आहे आमचं."

प्रश्न तिच्या एकटीचा नव्हता. भुसावळच्या पूर्वेला, नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर आमचे वरणगाव आहे. १९६४ साली येथे दारूगोळ्याचा सरकारी कारखाना निघाला. बंदुकीची काडतुसे करणाऱ्या या फॅक्टरीने दोन पिढ्यांची घरे चालविली. २०२१च्या ऑक्टोबरपासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेली. वडील फॅक्टरीत, म्हणून मुलगाही फॅक्टरीत, हा हिशेब आता कोणी धरीत नाही. शेतात केळी आहेत, पण घरातल्या तिन्ही मुलांना पुरतील इतक्या नाहीत. मग उरते ती पुण्याची गाडी. गावात राहून पोटापाण्याची नवी विद्या मिळते काय, आणि ती कोणाला मिळते, हा प्रश्न म्हणूनच इथल्या प्रत्येक घराचा आहे. त्याचे उत्तर ऐकीव माहितीवर देण्यापेक्षा स्वतः जाऊन पाहावे, असे मला वाटले.

शिकवणारे गृहस्थ पस्तिशीचे. पुण्यात काही वर्षे नोकरी करून, वडिलांच्या आजारपणामुळे ते गावी परतले आणि घरबसल्या परमुलखातल्या गिऱ्हाइकांची कामे करू लागले. कोणाचे नोकर नाहीत, कोणाचे धनी नाहीत. लग्नाच्या वेळी त्यांच्या आईला "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला "घरीच असतो" एवढेच सांगता येई, आणि समोरची मंडळी चहा अर्धा टाकून उठत, असे ते स्वतःच हसत हसत सांगतात. वर्गात सारे त्यांना दादा म्हणत. अकरा विद्यार्थी होते: पदविकेचे चौघे, बी.एस्सी.चे पाच, एक किराणा दुकानदार आणि माझी ही विद्यार्थिनी.

दळण एकदाच

पहिल्या दिवशी दादांनी फळ्यावर एक गिरणी काढली. "ज्वारी आपण एकदा दळून आणतो. मग भाकरी चुलीवर भाजा, स्टोव्हवर भाजा नाहीतर गॅसवर, पीठ तेच. जावाचंही तसंच."

माणसाने लिहिलेली आज्ञा यंत्राला थेट समजत नाही. आधी ती बारीक करावी लागते. पूर्वी पुष्कळशा भाषांत प्रत्येक जातीच्या यंत्रासाठी वेगळे दळण काढावे लागे. जावाने युक्ती केली ती अशी: दळण एकदाच करायचे, आणि ते पीठ ओळखणारी चूल ज्या त्या यंत्रात आधीच बसवून ठेवायची. पिठाला म्हणतात बाइटकोड आणि चुलीला म्हणतात जावा व्हर्च्युअल मशीन.

या युक्तीचे मूळ घरगुतीच आहे. १९९१ साली अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉस्लिंग आणि त्यांचे सहकारी टी.व्ही.सारख्या घरातल्या उपकरणांना हुशार करण्याच्या खटपटीत होते. उपकरणे नाना जातींची, तेव्हा सर्वांवर चालेल अशी एकच भाषा हवी होती. कचेरीबाहेरच्या ओक वृक्षावरून तिचे नाव आधी 'ओक' ठेवले होते. पण ते नाव दुसऱ्या कोणाकडे असल्याने कॉफीचे नाव आले. २३ मे १९९५ रोजी ती जगापुढे मांडली गेली. २०१० साली सन ही कंपनी ओरॅकलने विकत घेतली. भाषा मात्र चालूच राहिली. बँकांचे व्यवहार, दुकानांची खाती, अँड्रॉइड फोनवरची कित्येक कामे, एवढेच काय, पुष्कळशा सिमकार्डांच्या पोटातही जावा बसलेली आहे.

"पण दादा, इतकी जुनी भाषा कशाला शिकायची?" असे एकाने विचारलेच. दादा म्हणाले, "२०१४ साली निघालेली जावाची आठवी आवृत्ती अजून किती तरी कचेऱ्यांत चालू आहे. नवी घरं बांधणारे पुष्कळ असतात. जुनी दुरुस्त करणारा गवंडी कधी रिकामा बसत नाही. माझं निम्मं पोट दुरुस्तीवर चालतं."

दहा पैशांचे कोडे

दादांच्या शिकवण्याची तऱ्हा अशी की, पुस्तकातली उदाहरणे बाजूला ठेवून त्यांनी पहिल्याच आठवड्यात केळीच्या व्यापाऱ्याचे खाते करायला घेतले. वजन, भाव, मजुरी आणि देणे. साऱ्यांना वाटले, हे तर सोपे आहे.

मग त्यांनी सांगितले, "दहा पैसे दहा वेळा मिळवा."

मुलांनी अपूर्णांकासाठी असलेल्या 'डबल' या जातीचा आकडा घेतला, दहा वेळा ०.१ मिळविले, आणि पडद्यावर उत्तर उमटले: ०.९९९९९९९९९९९९९९९९. रुपया काही पुरा होईना! "दादा, यंत्र बिघडून राह्यलं का?" असा एकच गलका झाला.

यंत्र बिघडलेले नव्हते. आपण एकाला तिनाने भागले की ०.३३३ असे लिहीत जातो आणि कुठे तरी हात थांबवितो. आपण दहांच्या हिशेबाने मोजतो, यंत्र दोहोंच्या हिशेबाने मोजते. आणि दोहोंच्या हिशेबात एकदशांश ही संख्या कधीच संपत नाही. म्हणून यंत्रही कुठे तरी हात थांबविते, आणि तेवढे उणे राहते. पूल बांधणाऱ्या इंजिनियरला हे उणे चालेल, पण शेतकऱ्याच्या पट्टीत ते चालणार नाही. तेव्हा पैशाचा व्यवहार एक तर पूर्ण पैशांत मोजावा, नाहीतर त्यासाठी जावात मुद्दाम ठेवलेली 'बिगडेसिमल' ही जात वापरावी.

मुलांनी लगेच सारा हिशेब पैशांत केला आणि 'इंट' नावाच्या पूर्णांकात ठेवला. दादांनी तेथेही थांबविले. इंटच्या डब्याला माप आहे: २,१४,७४,८३,६४७. पैशांत धरले तर हे दोन कोटी चौदा लाख चौऱ्याहत्तर हजार आठशे छत्तीस रुपये आणि सत्तेचाळीस पैसे झाले. त्यावर आणखी एक पैसा टाकला की डबा उलटतो, आणि खात्यावर उणे २,१४,७४,८३,६४८ दिसू लागतात. धनको एका पैशात ऋणको! यंत्र ना ओरडत, ना थांबत. ते आपले पुढे चालूच राहते. २०१४ साली 'गंगनम स्टाइल' या कोरियन गाण्याच्या प्रेक्षकांची संख्या याच मर्यादेपाशी पोचली, तेव्हा यूट्यूबलाही डबा बदलावा लागला होता. त्यावर उपाय म्हणजे 'लाँग' हा मोठा डबा.

"पन दादा, एवढी उलाढाल आपल्याकडे कोनाची राह्यते?" असे किराणा दुकानदाराने विचारले. दादा म्हणाले, "आज नसेल. तुम्ही लिहिलेलं खातं पाच वर्षं चाललं, तर पाच वर्षांची बेरीज कोण करणार?"

दोन क्वार्टरे, एकच नकाशा

तिसऱ्या आठवड्यातला पाठ फॅक्टरीच्या वसाहतीवर होता. वसाहतीतली क्वार्टरे एका नकाशावर बांधलेली. नकाशा म्हणजे 'क्लास', आणि त्यावरून उभे राहिलेले प्रत्येक घर म्हणजे 'ऑब्जेक्ट'. दोन घरांतली खोली, खिडकी, रंग सारे सारखे असेल. म्हणून ते एकच घर होईल काय? पोस्टमनला विचारा!

जावात बरोबरी तपासण्याचे दोन मार्ग आहेत. दोन बरोबर-चिन्हे घातली, तर यंत्र पाहते की हे घर तेच आहे काय. 'इक्वल्स' म्हटले, तर ते आतले सामान सारखे आहे काय हे पाहते. नवशिक्यांचे शेकड्याने घोटाळे होतात ते याच ठिकाणी.

त्यातली एक गंमत तर मला फारच मार्मिक वाटली. 'इंटिजर' या जातीत आकडा एखाद्या पेटीत ठेवावा तसा ठेवतात. उणे १२८ पासून १२७ पर्यंतच्या पेट्या जावाने आधीच तयार करून ठेवलेल्या असतात आणि मागाल तेव्हा तीच पेटी हाती येते. त्यामुळे १०० आणि १०० यांची तुलना दोन बरोबर-चिन्हांनी केली तरी उत्तर 'सारखे' असे येते. पण १५० आणि १५० घ्या. पेट्या वेगळ्या निघतात आणि उत्तर येते, 'सारखे नाहीत'! मुलांनी चाळीस, पन्नास, शंभर क्विंटलवर प्रोग्रॅम तपासला होता. सारे ठीक चालले होते. तेच खाते ऐन हंगामात व्यापाऱ्याच्या हाती गेले असते, तर दीडशे क्विंटलच्या पहिल्या ट्रकला घोटाळा झाला असता.

"काठावर तपासा," दादा वारंवार सांगत. "शून्यावर, १२७ आणि १२८ वर, उण्यावर, आणि काहीच भरलं नसेल तेव्हा काय होतं, त्यावर. मधला भाग कोणीही तपासतो."

वरणगावात अक्षरे किती?

एके दिवशी दादा माझ्याकडे वळले. "सर, 'वरणगाव' या शब्दात अक्षरं किती?"

"पाच," मी म्हणालो.

त्यांनी यंत्राला विचारले. यंत्र म्हणाले, सहा. मग त्यांनी शब्द उलटा करायला सांगितले. पडद्यावर आले 'वागणरव'. ग चा काना उडी मारून शेजारच्या व ला जाऊन चिकटला होता! वर्गात हशा पिकला.

या कोड्याचा उलगडा करण्याचे काम माझ्या विद्यार्थिनीने केले. ती उभी राहिली आणि म्हणाली, "व्याकरणानं मोजलं तर वर्ण दहा होतात. प्रत्येक व्यंजन आणि त्याचा स्वर वेगळा धरायचा. वाचणारा अक्षरं मोजतो, ती पाच. यंत्र बहुतेक काना वेगळा मोजत असंल, म्हणून सहा."

अगदी बरोबर. जगातल्या लिप्यांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची व्यवस्था आहे. देवनागरी तीत १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि काना-मात्रा-वेलांटी यांना तीत स्वतंत्र क्रमांक आहेत. म्हणूनच 'क्षि' हे आपले एक अक्षर जावाला चार खुणांचे दिसते: क, हलन्त, ष आणि वेलांटी. दहा, पाच आणि सहा ही तिन्ही उत्तरे खरी होती. फक्त काय मोजायचे हे आधी ठरवायला हवे होते. मात्रा व्यंजनासह धरून मोजायची असेल तर जावातच त्याचे साधन आहे. पण ते मागावे लागते.

पुढे नावांची यादी लावताना आणखी एक गोष्ट निघाली. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडात तो ल आणि व यांच्यामध्ये आहे. त्यामुळे आपल्या क्रमाने 'कावळे' आधी आणि 'काळे' नंतर यायला हवेत, तर यंत्र 'काळे' आधी लावते. पदविकेच्या मुलांना यात काही चुकते आहे हेच जाणवले नाही. मराठीच्या मुलीला ते एका दृष्टिक्षेपात दिसले. वर्णक्रमाचा नियम जावाला वेगळा लिहून देता येतो, असे दादांनी सांगितले. दोन आठवडे खपून तिने तो लिहिला, आणि पाचशे नावांची यादी आपल्या वर्णमालेप्रमाणे लावून दाखविली. आर्ट्सच्या मुलीला हे जमेल काय, या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. व्याकरण शिकलेल्या माणसाला इथे परके वाटण्याचे कारण नाही. तो आपल्याच एका नातलगाच्या घरी आलेला असतो.

इंग्रजीचे काय?

जावाचे राखीव शब्द सारे पन्नासएक. ते इंग्रजी आहेत, आणि पाढ्यांसारखे पाठ होतात. आपण ठेवायची नावे मात्र देवनागरीतही चालतात. 'वजन', 'भाव', 'रक्कम' अशी नावे देऊन मुलांनी खाते लिहिले आणि यंत्राने ते निमूटपणे चालविले. मला अर्थातच आनंद झाला. दादांनी तो जरा आवरायला लावला. "शिकताना मराठी नावं जरूर द्या, डोकं साफ राहतं. पण गिऱ्हाइकाच्या कामात नको. तुमच्यानंतर ते वाचणारा माणूस कुठल्या देशातला असेल, काय सांगावं? लिहायचं ते पुढच्या वाचणाऱ्यासाठी."

म्हणजे इंग्रजी लागतेच, पण वाचण्यापुरते आणि साधी, सरळ चार वाक्ये लिहिण्यापुरते. फर्डे बोलता आले पाहिजे ही भीती खोटी आहे. मुलांची खरी अडचण मला वेगळीच दिसली. "व्यापाऱ्याचं म्हणणं काय ते दहा ओळींत मराठीत लिहा," असे सांगितले, तेव्हा निम्म्यांना ते लिहिता येईना. दांड्याचे वजन धरायचे की वजा करायचे? अर्धा पैसा वर ढकलायचा की सोडायचा? उचल दिलेली असेल तर ती कधी कापायची? ज्याला हे मातृभाषेत नेमके मांडता येत नाही, त्याला ते जावातही मांडता येत नाही.

स्वतंत्र धंद्याचे दादांचे नियमही याच जातीचे आहेत. गिऱ्हाईक बोलेल ते आपल्या शब्दांत लिहून त्याला वाचून दाखवा, त्याने होकार दिल्याशिवाय कामाला हात लावू नका. पैशाचा काही भाग आगाऊ घ्या. काम तुकड्यातुकड्याने द्या, म्हणजे चूक लवकर कळते. रोजच्या कामाची नोंद 'गिट' या साधनात ठेवा. लायनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली केले, आणि आज ते फुकट मिळते. तारखेला जमणार नसेल तर तारखेच्या आधी सांगा. आणि इन्व्हर्टरची बॅटरी विसरू नका. भुसावळ भागातला मे महिना परदेशच्या गिऱ्हाइकाला ठाऊक नसतो!

आता यंत्रेच प्रोग्रॅम लिहू लागली, मग हे शिकून उपयोग काय, अशी शंका पालकांच्या मनात आहे. शेवटच्या आठवड्यात दादांनी मुलांसमोर अशाच एका यंत्राकडून केळीचे खाते लिहवून घेतले. मिनिटभरात पन्नास ओळी झाल्या, दिसायला सुबक. "यात खोट कुठं आहे?" दादांनी विचारले. क्षणभर शांतता, मग किराणा दुकानदार म्हणाला, "दादा, यानं पैसे डबलमदी ठेवले ना!" लिहिणारा कोणीही असो, खोट ओळखणारे माणूस लागतेच, आणि ती ओळखायला स्वतः लिहून शिकावे लागते.

पालकांसाठी चार शब्द

या धंद्याचे गोडवेच गाऊ नयेत. पहिले वर्ष कोरडे जाऊ शकते. काही महिने काम नसते. प्रॉव्हिडंट फंड नाही, पेन्शन नाही. "पर्मनंट आहे का?" या आपल्या लाडक्या प्रश्नाला इथे "नाही" हेच उत्तर आहे. अकरांपैकी तिघांनी शिकवणी मध्येच सोडली, तेही सांगितले पाहिजे.

परंतु शिकण्याचा खर्च थोडा आहे. जावाची साधने फुकट मिळतात. चार-सहा वर्षांचा जुना संगणक चालतो. नुसत्या फोनवर मात्र भागत नाही. मुंबईच्या आय.आय.टी.ने 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात जावाचे छोटे छोटे पाठ तयार केले आहेत, ते मराठी निवेदनासह विनामूल्य पाहता येतात. मोठी फी मागणाऱ्या वर्गात मुलाला घालण्यापूर्वी एवढेच विचारा: शेवटी माझा मुलगा स्वतःच्या हाताने काय लिहून दाखवील? उत्तर नुसत्या प्रमाणपत्राचे असेल, तर पैसे जपून ठेवा. रोज एक तास आणि सहा महिने, हा दादांचा हिशेब आहे.

आणि मराठीच्या एका मास्तराची भर त्यात घालू द्या. आज रात्री जेवणे झाल्यावर मुलाला किंवा मुलीला एखादे घरचेच काम लिहायला सांगा: दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब कसा करायचा, हे अशा रीतीने लिही की ज्याला काहीच ठाऊक नाही त्यालाही तो बिनचूक करता यावा. खाडा झाला तर काय, भाव महिन्याच्या मध्येच वाढला तर काय, पाहुणे आले म्हणून लिटरभर जास्त घेतले तर काय, हे सारे त्यात यायला हवे. ज्याला ते लिहिता येईल त्याचा अर्धा अभ्यास झाला. उरलेला अर्धा जावाचा आहे, आणि तो वरणगावातही होतो.